ऐकून घेतलं, आता उत्तर कोण देणार?

ताई,

मी अकरावीत आहे, वय सतरा. शाळेच्या विद्यार्थी समितीत काम करते. २० नोव्हेंबरच्या बालहक्क दिनाला ‘मुलांवरची हिंसा कशी थांबेल’ या विषयावर कार्यक्रम बसवायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही म्हटलं, आधी मुलांनाच विचारू. एक बंद डबा ठेवला आणि नाव न घालता चिठ्ठी टाकायला सांगितली: ‘तुला हिंसा कशाला वाटते? ती थांबायला काय हवं?’

आम्हाला वाटलं होतं की अनोळखी माणसं, निर्जन रस्ते असलं काहीतरी येईल. पण बहुतेक चिठ्ठ्या घरातल्या आणि वर्गातल्या निघाल्या. ‘बाबा मारत नाहीत, पण अभ्यासाला बसलो की पट्टा काढून टेबलावर ठेवतात.’ ‘आई चिडली की चार-चार दिवस बोलत नाही.’ ‘सर नापास झालेल्यांना उभं करून मार्क मोठ्याने वाचतात.’ ‘माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सगळे हसले.’ ‘घरी भांडण सुरू झालं की मी लहान भावाचे कान झाकते.’ आणि एकीने नुसतं लिहिलंय, ‘आधी आईबाबांची शाळा घ्या.’

मुख्याध्यापकांना चिठ्ठ्या दाखवल्या. ते म्हणाले, घरातल्या आणि शिक्षकांबद्दलच्या बाजूला काढा, उरलेल्यांचं प्रदर्शन लावा. मुलांना आईवडिलांविरुद्ध भडकवायचं नाही. समितीतल्या एका मित्राला ते पटतं. तो म्हणतो, मी भरपूर मार खाल्ला, म्हणूनच मार्गी लागलो.

पण खरं मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारायचंय. डबा उचलायला गेले तेव्हा सातवीतला एक मुलगा घोटाळत उभा होता. कुणी नाही असं बघून त्याने शर्ट वर केला. पाठीवर वळ होते. ‘घरी मारतात’ एवढंच म्हणाला, कोण ते सांगितलं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. तेव्हापासून मला झोप नाही. सांगितलं तर विश्वासघात, नाही सांगितलं तर मीही त्यात सामील. काय करू?

– समितीतली एक

*

आधी त्या मुलाचं बघू. प्रदर्शन, चिठ्ठ्या, मुख्याध्यापक हे सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल. त्याला रोज संध्याकाळी त्याच घरी जायचं असतं.

ती शपथ मोडायची. हे मी पूर्ण विचार करून सांगते आहे. मात्र त्याच्या पाठीमागे नाही, त्याला सांगून मोडायची. उद्या शाळेत त्याला गाठ. चारचौघांत नको आणि बंद खोलीतही नको; लोकांना तुम्ही दिसाल पण तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही, अशी जागा बघ. आणि तुझ्या शब्दांत साधारण असं सांग: ‘तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीही चूक नाही. पण हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, म्हणून मी एका मोठ्या माणसाला सांगणार आहे. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. घरात जे चाललंय त्यात त्याला कुणी काही विचारत नाही. निदान इथे तरी त्याला विचारलं जाऊ दे. तो रडेल, कदाचित चिडून ‘तुला सांगायलाच नको होतं’ म्हणेल. म्हणू दे. त्याने इतक्या मुलांमधून तुला निवडलं आणि कुणी नसताना शर्ट वर केला, यातच त्याला काय हवं होतं ते आलं.

त्याला खोदून खोदून विचारू नकोस. कोण, कशाने, किती वेळा, हे विचारायचं काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं आहे. दर नव्या माणसाने पहिल्यापासून विचारलं की मुलाला तेच पुन्हा पुन्हा भोगावं लागतं. ‘काकांनीच मारलं ना?’ असं उत्तर तोंडात घालणारे प्रश्न तर त्याचं नुकसानच करतात, कारण पुढे चौकशी झाली की त्याच्या सांगण्यावर शंका घेतली जाते. पाठीचा फोटोही काढू नकोस. तो फोन कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. त्याऐवजी तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत आज लिहून काढ. तारीख घाल, तुला काय दिसलं ते लिही, तुझा अंदाज लिहू नकोस. तो कागद फक्त त्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा.

तो मोठा माणूस कोण? शाळेत समुपदेशक असतील तर आधी त्या. नसतील तर ज्या बाई किंवा जे सर मुलाचं बोलणं मधेच तोडत नाहीत, त्यांच्याकडे जा. बऱ्याच देशांत अशी शंका आली तरी संबंधित यंत्रणेला कळवणं शिक्षकांना आणि डॉक्टरांना कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे त्यांना सांगून तू त्यांच्यावर भार टाकत नाहीस. तो भार मुळात त्यांचाच आहे. शाळेत कुणावरच भरवसा नसेल तर तुझ्या घरातलं विश्वासाचं माणूस, आणि त्यांना सोबत घेऊन मुलांसाठीची हेल्पलाइन. पहिल्या माणसाने ‘घरचा मामला आहे’ म्हणून झटकून टाकलं तर दुसऱ्याकडे जा, तिथेही तेच झालं तर तिसऱ्याकडे. आणि तो मुलगा ‘आज घरी जायची भीती वाटते’ असं म्हणाला, किंवा ताजी जखम दिसली, तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत सांगायचं. तिथे उद्यावर ढकलायचं नाही.

ज्यांना सांगशील त्यांना एक विनंती आठवणीने कर: लगेच घरी फोन लावू नका. चांगल्या मनाची माणसंही इथेच चुकतात. पालकांना बोलावून ‘तुमचा मुलगा असं असं म्हणतो’ असं विचारलं जातं, पालक हसून वेळ मारून नेतात, आणि ‘बाहेर का बोललास’ म्हणून मुलाला त्या संध्याकाळी दुप्पट मार बसतो. त्यानंतर तो मुलगा पुन्हा कुणालाच काही सांगत नाही. मूल सुरक्षित राहील याची तजवीज आधी, घरच्यांशी बोलणं नंतर, आणि तेही ज्यांना ते काम येतं त्यांनीच करायचं.

तू विचारलंस, मीही सामील का? नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली जाते. अमेरिका सोडून संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी ती मान्य केली आहे. तू सतरा वर्षांची आहेस. त्याच्याइतकंच तुझंही रक्षण करणं मोठ्यांचं कर्तव्य आहे. तुझं काम निरोप योग्य हातात पोचवण्यापुरतं आहे. त्याला वाचवायचं काम तुझं नाही, आणि झोप उडण्याइतकं ते एकटीने उरावर घेऊही नकोस. सांगून झाल्यावर त्याच्याशी पूर्वीसारखंच वाग. दिसला की हाक मार, क्रिकेटच्या नाहीतर परीक्षेच्या गप्पा मार. वळ असलेला मुलगा एवढीच त्याची ओळख होऊ देऊ नकोस.

आता चिठ्ठ्यांकडे येते. तुमच्या शाळेतल्या मुलांना हिंसा म्हणजे काय ते नेमकं कळतं, हे मला पत्र वाचताना राहून राहून जाणवलं. बालहक्क संहितेवर देखरेख ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची समिती आहे. तिने २०११ साली, हिंसेपासून मुक्त राहण्याच्या हक्काचा अर्थ लावणारं एक सविस्तर निवेदन काढलं. मानसिक हिंसा कशाला म्हणायचं याची तिथे यादी आहे. धाक दाखवणं आणि धमकावणं. मुलाला झिडकारणं, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं. अपमान, टिंगल, पाणउतारा. मोबाइल-इंटरनेटवरून होणारा छळ. घरातली मारहाण मुलाच्या डोळ्यांदेखत होणं. आता तुझ्या पत्रातल्या चिठ्ठ्या पुन्हा वाच: टेबलावरचा पट्टा, चार दिवसांचा अबोला, मोठ्याने वाचलेले मार्क, ग्रुपवरचा फोटो, भावाचे झाकलेले कान. जगभरच्या तज्ज्ञांनी बसून जे लिहिलं ते या मुलांनी चतकोर कागदावर लिहून दिलं, आणि त्यांच्यातल्या कुणी ते निवेदन वाचलेलं नसणार. त्याच निवेदनात आणखी एक फार महत्त्वाचं आहे: किती वेळा घडलं, किती लागलं, दुखवायचा हेतू होता की नव्हता, यावर ती हिंसा आहे की नाही हे ठरत नाही. ‘एकदाच तर मारलं’, ‘लागलं कुठे एवढं’, ‘भल्यासाठीच ना’ या तिन्ही नेहमीच्या समर्थनांचा तिथे निकाल लागतो.

आणि चिठ्ठ्या घरातल्या निघाल्या यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २ ते १७ या वयोगटातल्या सुमारे १०० कोटी मुलांना एका वर्षात कुठल्या ना कुठल्या हिंसेला किंवा हेळसांडीला सामोरं जावं लागतं. युनिसेफने २०२४ साली सांगितलं की पाच वर्षांखालच्या दर दहापैकी सहा मुलांना घरात नेहमी शारीरिक शिक्षा किंवा मानसिक आक्रमकता सोसावी लागते. संख्येत हे जवळपास ४० कोटी होतात. पाच वर्षांखालची मुलं! त्यांचं जग म्हणजे घरच. निर्जन रस्त्याची भीती खोटी नाही, पण मुलाला दुखावणारी व्यक्ती बहुतेकदा ओळखीची असते. म्हणून घरातल्या चिठ्ठ्या काढून उरलेल्यांचं प्रदर्शन लावलं तर ते प्रदर्शन मुलांना चुकीचंच शिकवेल. पट्ट्याची चिठ्ठी लिहिणारा मुलगा भिंतीवर आपली चिठ्ठी शोधेल. ती नाही हे दिसलं की त्याला एकच अर्थ लागेल: माझ्या घरी होतं ते हिंसेत मोडत नाही.

तुझ्या मित्राबद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचंय, कारण त्याच्यासारखी मुलं खूप आहेत. तरुणांचं या विषयावर एकमत आहे असं समजू नकोस. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ असं मनापासून मानणारे तुझ्या वर्गात निम्मे निघाले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. त्याला वादात हरवायला जाऊ नकोस. त्या वाक्यात तो बहुधा त्याच्या आईवडिलांची बाजू सांभाळतोय. त्यांनी मारलं ते चुकीचं होतं असं मान्य केलं तर ते वाईट ठरतात, आणि त्याचं त्यांच्यावर प्रेम आहे. त्याला सांग की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: त्यांचं तुझ्यावर प्रेम होतं आणि मारणं चूक होतं. तू घडलास तो त्यांनी रात्री जागून केलेल्या काळजीमुळे, तुझ्या स्वतःच्या मेहनतीमुळे. त्याचं श्रेय छडीला कशाला देतोस?

त्याला पुरावाच हवा असेल तर तोही आहे. २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोन अभ्यासकांनी सुमारे पन्नास वर्षांतलं संशोधन एकत्र तपासलं. त्यात मिळून १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती होती. विषय अमानुष मारहाणीचा नव्हता, ज्याला लोक ‘एखादा धपाटा’ म्हणतात त्याचा होता. धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा, मनाचे आजार, आईवडिलांशी बिघडलेलं नातं हे जास्त आढळलं. मूल त्यामुळे अधिक शहाण्यासारखं वागू लागतं असं काही दिसलं नाही.

युनिसेफच्याच पाहण्यांतली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुलांना वाढवायला शारीरिक शिक्षा लागतेच असं म्हणणाऱ्या आया आणि सांभाळणाऱ्या व्यक्ती साधारण चारात एक निघतात. मार खाणारी मुलं मात्र त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे मारणाऱ्या कित्येकांना स्वतःलाच मार पटत नाही. हात उठतो तो दमणुकीतून, पैशाच्या ओढाताणीतून, दुसऱ्या कुणाचा तरी राग साठलेला असतो त्यातून, आणि त्या क्षणी दुसरं काय करायचं ते त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नसतं. म्हणून मला ‘आधी आईबाबांची शाळा घ्या’ ही चिठ्ठी साऱ्या डब्यातली सगळ्यात शहाणी वाटली. त्या मुलीने शिक्षा मागितलेली नाही, शिकवणी मागितली आहे. अशी शाळा खरोखर घेतलीही गेली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात किशोरवयीन मुलं आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसं एकत्र बसवून असा उपक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मारहाण कमी झाल्याचं मोठ्यांनी सांगितलं, आणि मोठे आपल्यात जास्त लक्ष घालू लागल्याचं मुलांनीही सांगितलं. स्वीडनने १९७९ मध्ये, जगात सर्वांत आधी, घरातसुद्धा मुलाला मारायला कायद्याने बंदी घातली. तेव्हाही भर आईवडिलांना तुरुंगात टाकण्यावर नव्हता. घरोघरी माहिती पोचवली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला. आज साठांहून अधिक देशांत तसा कायदा आहे.

मुख्याध्यापकांना भेटशील तेव्हा हाच धागा पकड. ‘भडकवणं’ हा त्यांचा शब्द भीतीतून आलाय. पालकांचा रोष, शाळेचं नाव, शिक्षकांची नाराजी. ती भीती खरी आहे, तिला हसू नकोस. पण ठाम राहा. एकटी जाऊ नकोस, समितीतले दोघं-तिघं सोबत घे, त्या मित्रालाही ने. घरातल्या चिठ्ठ्यांचं प्रदर्शन लावायला मीही सांगणार नाही, पण कारण वेगळं आहे: हस्ताक्षर ओळखू येतं. पट्ट्याची चिठ्ठी भिंतीवर लागली आणि ती त्याच बाबांनी वाचली तर? त्यामुळे मूळ चिठ्ठी कुठलीच लावायची नाही. सगळ्यांतलं म्हणणं एकत्र करून तुमच्या शब्दांत लिहा, घर, वर्ग, मोबाइल सगळं त्यात येऊ दे, आणि कुणी ओळखू येईल असा एकही तपशील ठेवू नका.

मग त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेव: याचं उत्तर कोण देणार? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या प्राध्यापक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये, मुलांचं मत घ्यायचं म्हणजे काय करायचं, ते चार गोष्टींत मांडलं. मुलांना बोलायला सुरक्षित जागा हवी, बोलण्यासाठी मदत हवी, ऐकणारा हवा आणि त्या ऐकण्याचा काही परिणाम व्हायला हवा. तुम्ही पहिल्या दोन गोष्टी एका डब्याने साधल्यात. राहिलेल्या दोन गोष्टी मुलांना करताच येत नाहीत, कारण निर्णय त्यांच्या हातात नसतो. संहितेचं बारावं कलम म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याच्या मताला योग्य वजन दिलं पाहिजे. ते वजन देणारं माणूस नेमकं कोण, हे मुख्याध्यापकांकडून नावानिशी घ्या. एका शिक्षिकेचं नाव, एक तारीख, आणि त्या तारखेला शाळा काय बदलणार त्याची एखादीच गोष्ट. सुरुवातीला मार्क मोठ्याने वाचणं बंद करता येईल. त्याला पैसा लागत नाही, पालकांची परवानगी लागत नाही, उद्या सकाळी करता येतं. त्यांनी एवढं केलं तर घराबद्दलच्या चिठ्ठ्यांवर बोलायलाही त्यांना बळ येईल, कारण शाळेने आधी स्वतःपासून सुरुवात केलेली असेल. पालकांच्या सभेतही तोच सूर ठेवायला सांग: कुणाकडेही बोट न दाखवता, ‘मुलांवर राग अनावर झाला की काय करायचं’ यावर बोलायला एखाद्या जाणकाराला बोलवा. त्या विषयाला आईबाप येतात. ‘बालहिंसा’ असा फलक लावला तर जे यायला हवेत तेच येत नाहीत.

तुम्ही विद्यार्थी मात्र एक गोष्ट मोठ्यांपेक्षा चांगली करू शकता, ती म्हणजे एकमेकांना साथ देणं. फोटो ग्रुपवर टाकणारा एक असतो, हसणारे पन्नास. शाळेतली दादागिरी कमी करण्यासाठी फिनलंडमध्ये कीवा नावाचा उपक्रम बनवला गेला. त्याचा मुख्य रोख त्या बघ्यांवर आहे: ज्याला छळलं जातं त्याच्या शेजारी जाऊन बसणं, हसायचं थांबणं, मोठ्यांना कळवणं. बघ्यांनी साथ सोडली की छळणाऱ्याला त्यातून मिळणारा मोठेपणा मिळत नाही. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. समितीने स्वतःच्या ग्रुपपासून सुरू करावं. असा फोटो आला की पुढे पाठवायचा नाही, ज्याचा असेल त्याला एकट्याला फोन करून ‘मी पाहिलं, मला ते आवडलं नाही, तू बरा आहेस ना?’ एवढं विचारायचं.

पुढच्या वेळी डबा ठेवाल तेव्हा चिठ्ठीच्या खाली एक ओळ छापा: ‘मला कुणाशी तरी बोलायचं आहे’, आणि नाव लिहायला मोकळी जागा. निनावी चिठ्ठीमुळे मुलं खरं लिहितात, पण मदत मागणाऱ्यापर्यंत पोचताच येत नाही. अशा चिठ्ठ्या विद्यार्थ्यांनी उघडू नयेत. डब्याची किल्ली ज्या शिक्षिकेचं नाव ठरलंय तिच्याकडेच असावी. हाती आहेत त्या चिठ्ठ्यांचं म्हणणं उतरवून घेतलं की त्या कपाटात पडू देऊ नका, तिच्यासमोर फाडून टाका. आणि कार्यक्रम झाल्यावर सूचनाफलकावर एक कागद लावा: तुम्ही काय काय लिहिलंत, त्यातलं काय झालं, काय झालं नाही आणि का.